येळवस आणि सहा कॅमेरे

१

मी लातूरला पोचले तेव्हा दयानंदरावांच्या देवघरात देव नव्हते, आणि इमारतीच्या वॉचमनचं गाठोडं जिन्याखाली बांधून तयार होतं. त्या दोन्हींच्या मध्ये कॅमेरे कुठं लावायचे ते सांगायला मला बोलावलं होतं.

मी रेणुका. नांदेडला माझं सीसीटीव्हीचं दुकान आहे. मी इमारत बघते, कॅमेरे किती, कुठं, वायर किती, रेकॉर्डिंग किती दिवसांचं, हे ठरवते आणि अंदाजपत्रक देते. या कामात एक खोड लागते. रिकाम्या पॅसेजमध्ये डोळे मिटून उभं राहायचं आणि आपण छताला टांगलोय असं समजायचं. मग माणसं वरून दिसायला लागतात, लहान लहान, आपापल्या दाराशी घुटमळणारी. आमच्या घरी याला डुलक्या काढणं म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या सकाळी तर खरंच डुलकी लागली होती. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि धुक्यातून शेतातल्या कडब्याच्या कोपी तेवढ्या वर आलेल्या दिसत होत्या. परवाच येळवस होऊन गेली होती. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला गावात, शहरात कुणी राहत नाही. ज्याचं शेत आहे तो शेतात, ज्याचं नाही तो ओळखीच्याच्या शेतात. भज्जी खायची, आंबील प्यायची आणि दिवस मावळताना कडब्याचा पेटता हेंडगा पिकाभोवती फिरवून धुराच्या वासासकट घरी यायचं. दुकानं बंद, रस्ते ओस. चोराला याच्याहून चांगला मुहूर्त कुठला मिळणार?

"देवाचे पाच टाक गेले, मॅडम," दयानंदराव गेटवरच म्हणाले. ते सोसायटीचे सेक्रेटरी, आणि चोरीही त्यांच्याच घरी. "चांदीचे. पणजोबापासूनचे. बाकी घरात कशाला हात न्हाई. म्हंजे चोर माहितीतला हाय." त्यांनी जिन्याखाली बोट दाखवलं. "सगळ्यांच्या आधी शेतातून परत आला तो हाच. दिवस मावळायच्या आत. आज संध्याकाळी बैठक हाय. सहा कॅमेरे मंजूर करायचे आन ह्याला मोकळं करायचं."

वॉचमन शेषेराव गाठोड्यावर बसला होता. लोह्याकडचा माणूस, पन्नाशीचा. नोकरी गेली की जिन्याखालची खोलीही जाणार.

"बैठकीच्या आधीच सामान बांधलंस?" मी विचारलं.

"बांधलं ताई. पर सिस्टर म्हणल्या, बांधायचं तर बांध, संध्याकाळपावतर उठू नको." तो थोडा थांबला. "काहून म्हणल्या, ते न्हाई सांगितलं."

२

दयानंदरावांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, आणि त्यांच्या आई केवळाबाई दारातच उभ्या होत्या. डोळे सुजलेले.

मी आधी दार बघितलं. बाहेरून कडी-कुलूप होतं. कुलूप तसंच शाबूत, पण कोयंडा वाकून उपटलेला, आणि लाकडावर करड्या दगडी भुकटीचे ठसे. पहारीनं असं होत नाही. कुणीतरी दगडानं, फार घाईनं, वेड्यासारखे घाव घातले होते. इमारत ओस पडलेली असताना चोराला कसली घाई?

देवघर म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीतला फरशी लावलेला कोनाडा. आत काहीच नव्हतं. वर पितळी दांडी होती, तिच्यावर नुसत्या रिंगा.

"पडदा होता का?"

"होता की. लाल. देवाखालचं कापडबी नेलं मेल्यानं," केवळाबाई म्हणाल्या. "येळवशीला भल्या पहाटं दिवा लावून निघाले. आले तर कोनाडा कसा धुतल्यावाणी. समईबी उपडी घालून ठेवलेली. आन घरात जाळाचा वास. पर तो आमच्याच अंगाचा. हेंडग्याचा धूर लुगड्यात बसतो, चार दिस जात न्हाई."

समई उपडी घालून ठेवणारा, पडदा नेणारा आणि फरशी पुसणारा चोर. मला त्याला भेटायची फार इच्छा झाली.

"चांदीचं काय घेऊन बसलात," केवळाबाईंचा आवाज चढला. "कुणाचे हात लागले माझ्या देवाला? ते सांगा! परवा घरात पाय टाकल्या टाकल्या हेच ओरडले मी. साऱ्या इमारतीनं ऐकलं."

त्यांनी डोळे पुसले आणि लगेच भानावर आल्यासारखं मला बसायला पाट दिला. मी शेतातल्या गर्दीची चौकशी केली. कोण कोण होतं?

"आमचं घरचं, आन भावकी. यंदा सिस्टरला म्हणलं होतं, चला. पर त्या चन्नबसप्पाच्या गाडीतून गेल्या."

सिस्टर म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या सरजाबाई. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात, मुलगा आनंदराज नांदेडला बँकेत.

उठताना सवयीनं मान वर गेली. आमच्या धंद्यात माणूस छताकडेच बघत राहतो. कोनाड्याच्या वर, पांढऱ्या छताला, काळपट चंद्रकोर होती.

"धुपाची असंल," दयानंदराव म्हणाले. "मॅडम, कॅमेऱ्याचं बोला. बुलेट की डोम?"

३

मी लोकांना नेहमी दोन प्रश्न विचारते. कॅमेरा कुठं हवा, आणि कुठं नको. पहिल्याचं उत्तर सगळे एकच देतात. माणूस कळतो तो दुसऱ्यात.

चन्नबसप्पा तळमजल्यावर. निलंग्याकडचे, शेंगदाणा-तुरीचा व्यापार, कानडी वळणाचं गोड बोलणं. "गेटला लावा, पार्किंगला दोन लावा. माझी गाडी दिसली पायजे. गच्चीला नको."

"का नको?"

"एनरी, काय हो मॅडम, गच्चीत काय वाळवण चोरीला जातंय?" ते हसले, पण कान लाल झाले. मी गप्प बसून राहिले. गप्प बसण्याचा माझा अनुभव मोठा आहे. शेवटी त्यांनीच आवाज बारीक केला. "भावाशी बोलतो तिथं. वाटणीवरनं घरच्यांनी त्याचं नाव टाकलंय. तो तिकडं निलंग्यात गच्चीवर, मी इकडं. काय विशेष न्हाई, पाऊसपाणी, तुरीचा भाव. पर बोलल्याशिवाय झोप येत न्हाई."

दोन गच्च्यांवर उभे असलेले दोन म्हातारे होत चाललेले भाऊ माझ्या डोळ्यांपुढे आले आणि काही केल्या जाईनात. तो कॅमेरा मी तिथल्या तिथं रद्द केला.

"येळवशीला भाऊ आला होता शेतात?"

"न्हाई ना. गाडी अर्धी रिकामीच गेली. सिस्टरला चला म्हणलं होतं, पर त्यांना आरती मॅडमनं बोलावलं होतं म्हणे."

आरती पहिल्या मजल्यावर. क्लासमध्ये फिजिक्स शिकवते, नवरा बाहेरगावी, सासर अहमदपूरचं. तिला जिन्यात, गेटवर, सगळीकडे कॅमेरा हवा होता. मागच्या बोळाकडे मात्र नको.

"तिथं तर सगळ्यात अंधार आहे," मी म्हणाले.

"असू दे हो." तिनं बाही वर केली. कोपरावर खरचटलं होतं. "स्कूटी शिकून राहिले मी. मुलांना गतीचे नियम शिकवते आणि स्वतः रोज पडते. त्याचं रेकॉर्डिंग नको."

दोन गुपितं हाती लागली, आणि दोन्ही चोरीच्या काही उपयोगाची नव्हती. मी जायला निघाले, तर तीच म्हणाली, "शेषेरावांचं वाईट वाटतं. पण त्या दिवशी इमारतीत चिटपाखरूसुद्धा नव्हतं. मी सासरच्या शेतात, आप्पा निलंग्याला. सिस्टरना मी बोलावलं होतं, पण त्या केवळाकाकूंच्या शेतात. मग उरलं कोण?"

मी जिन्यात डोळे मिटून उभी राहिले. वरून इमारत दिसत होती. पहाटेचं धुकं, एकामागून एक बाहेर पडणाऱ्या गाड्या, डोक्यावर आंबिलीची मडकी. प्रत्येक गाडीत मी सिस्टरना शोधत होते, आणि त्या कुठल्याच गाडीत चढत नव्हत्या.

४

सरजाबाईंचं दार उघडंच होतं. त्यांनी मला आत बोलावलं ते डाव्या हातानं. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्याशुभ्र पट्टीत होता, दवाखान्यात बांधतात तसा.

"भाकरी करताना चटका बसला," मी विचारायच्या आत त्या म्हणाल्या. "बस पोरी. चहा घेतेस ना?"

भाकरीचा चटका बोटांना बसतो. कोपरापर्यंत भाकरी कोण थापतं? घर स्वच्छ होतं, खिडकीत बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे शेवंतीचं एकच फूल. ओट्याखाली पाटा-वरवंटा. वरवंट्याचा एका टोकाचा टवका नुकताच उडालेला, आतला दगड अजून करडा होता.

चहा त्यांनी डाव्या हातानंच गाळला. थोडा सांडला, आणि स्वतःवरच चिडल्या.

"कॅमेरा कुठं हवा, सिस्टर?"

"बाकीचे म्हणले असतील, येणाऱ्याकडं तोंड करून लाव."

"सगळे तसंच म्हणतात."

"हाव. कोण आलं ते समद्यांना बगायचं असतं." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "तू एक कॅमेरा या मजल्यावर उलटा लाव. आत तोंड करून, दारांकडं. कोण आलं ते दिसलं न्हाई तरी चालंल. मागं कोण राहिलं ते दिसू दे."

मी चहाचा कप खाली ठेवला. तोंडाशी प्रश्न आला होता, पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की तो मला विचारता येईना. तो विचारायचा हक्क माझा नव्हता. मी या इमारतीत राहत नव्हते.

"आन कुठं नको, ते न्हाई विचारलं मला?"

"कुठं नको?"

"मला लपायला जागा लागतच न्हाई," त्या म्हणाल्या. "मला कुणी हुडकतच न्हाई."

५

बैठकीला अजून वेळ होता. शेषेरावाकडून मी शिडी मागून घेतली आणि केवळाबाईंच्या स्वयंपाकघरात छताचं माप घ्यायचं सोंग केलं. वर चढून त्या काळ्या चंद्रकोरीवर बोट फिरवलं.

बोट काळं झालं. जुनी, चिकट, वर्षानुवर्षांची धुपाची काजळी अशी सहज सुटत नाही. ही कोरडी होती, पोरांच्या दिवाळीतल्या फुलबाजीच्या राखेसारखी. दांडीच्या वरच्या बाजूला एका रिंगेत लाल धाग्याचा वितळून गोळा झालेला तुकडा अडकला होता.

म्हणजे पडदा चोरीला गेला नव्हता. तो जळाला होता.

मी शिडीवरच बसले आणि तो दिवस पुन्हा बघितला. पहाटे दिवा लावून सगळे निघून गेले. मग उंदरानं वात ओढली असेल, नाहीतर वाऱ्यानं पडदा समईवर आला असेल. आधी कापड पेटलं, मग पडदा. दाराखालून धूर पॅसेजमध्ये आला, आणि पॅसेजमध्ये तो बघायला एकच माणूस होतं. त्या माणसानं हाताला येईल ते उचललं, दार फोडलं, आत हात घातला. बाजूलाच गॅसचा सिलेंडर होता. त्या दिवशी केवळाबाईंच्या देवांबरोबर सारी इमारतही गेली असती.

संध्याकाळी घरी आलेल्या कुणालाच जळका वास वेगळा जाणवला नाही. येळवशीच्या रात्री लातुरात जळका वास कुणाला येत नाही? सगळेच तो अंगावर घेऊन येतात. आणि छताकडे कुणी बघितलं नाही, कारण सगळे खाली बघत होते, जिथं देव असायचे तिथं.

इतकं सगळं जुळलं होतं. एकच जुळत नव्हतं. जिनं आग विझवली तिनं तोंड का उघडलं नाही? एक गरीब माणूस खाली गाठोड्यावर बसला असताना?

मग केवळाबाईंचं ते ओरडणं आठवलं, आणि दोन्ही दारांमधलं अंतर मी शिडीवरूनच मोजलं. जेमतेम सहा पावलं.

६

बैठक पार्किंगमध्ये भरली. खुर्च्या टाकल्या होत्या. दयानंदराव, चन्नबसप्पा, आरती. केवळाबाई जिन्याच्या पायरीवर. शेषेराव उभा. सरजाबाई आल्या नव्हत्या, आणि त्या आल्या नाहीत हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"मॅडम, आधी खर्चाचं सांगा," दयानंदराव म्हणाले.

"सांगते. कॅमेरे स्वस्त पडतात, वायर आणि हार्ड डिस्क महाग. पण एका जागेचं ठरत नाहीये. त्यासाठी एकच विचारायचंय. येळवशीला सिस्टर कुणाच्या शेतात जेवल्या?"

"हे काय मधीच?" दयानंदराव हसले. "आप्पांच्या."

चन्नबसप्पा दचकले. "माझ्या? न्हाई. आरती मॅडमच्या."

"माझ्याकडे कुठं?" आरती म्हणाली. "केवळाकाकूंच्या..."

तिचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. तिघांनी आमंत्रण दिलं होतं, अगदी मनापासून. आणि तिघांनीही गृहीत धरलं होतं की सिस्टर दुसऱ्याच्या गाडीत बसल्या. ज्या दिवशी या मुलखात कुणी उपाशी राहत नाही, कुणी एकटं राहत नाही, त्या दिवशी एक बाई नवं लुगडं नेसून दाराशी हाकेची वाट बघत बसली असणार, आणि खाली एकेक गाडी सुटत होती.

"म्हंजे सिस्टर..." केवळाबाई पुटपुटल्या.

"घरीच होते," जिन्यातून आवाज आला.

सरजाबाई सावकाश उतरल्या. डाव्या हातात स्टीलचा डबा होता. त्यांनी तो खुर्चीवर ठेवला आणि झाकण उघडलं. पाच टाक, घासूनपुसून लख्ख, पांढऱ्या कापडावर ओळीनं ठेवलेले.

"काळे पडले होते. घासून देणार होते. पडद्याचं काय करता आलं न्हाई," त्या म्हणाल्या. "शेषेरावानं काय केलं न्हाई. त्याला मी दोन दिस बसवून ठेवलं, ही चूक माझी. शेषेराव, माफ कर बाबा. आज कुणी न्हाई विचारलं असतं तरी मी सांगणारच होते."

शेषेरावानं नुसते हात जोडले. मग खाली बसून तिथंच गाठोड्याची गाठ सोडायला लागला. गाठ घट्ट बसली होती, सुटेना.

मी छताचं, धुराचं, वितळलेल्या धाग्याचं सांगितलं. दयानंदरावांचा चेहरा उतरत गेला. "सिस्टर," ते म्हणाले, "आमचं घर वाचवलं तुम्ही, आन साधं सांगितलं न्हाई?"

"सांगायलाच उठले होते. तुमची गाडी आली, मी डबा घेऊन कडीला हात घातला." सरजाबाईंनी केवळाबाईंकडे बघितलं. "तवा तुम्ही ओरडल्या. कुणाचे हात लागले माझ्या देवाला. माझा हात कडीवरच राह्यला, बाई."

सरजाबाईंनी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं.

"मी काय तुमचा देव मानत न्हाई. माझा रस्ता माझ्या बापानं छप्पन सालीच बदलला. पर तुम्ही पहाटं उठून त्यांच्यापुढं दिवा लावता ते रोज बगते मी. ते जळून राहिलेलं बगवलं न्हाई. मग वाटलं, एकानं तरी विचारावं. सिस्टर, येळवस कुणाकडं केली? कुणी इचारलं असतं, तर घडाघडा बोलले असते. दोन दिस दार उघडं ठेवून बसले. समदे दारावरनं गेले, चोर हुडकत."

केवळाबाई पायरीवरून उठल्या. त्या सरजाबाईंच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांनी पदर पसरला. देव घ्यायचे तर बाया असेच घेतात, भक्तीनं. आणि ज्याच्या हाताला हात लागू द्यायचा नसतो, त्याच्याकडूनही असंच घेतात. केवळाबाईंच्या मनात काय होतं, हे छताला लावलेल्या कुठल्या कॅमेऱ्याला दिसलं नसतं. मलाही दिसलं नाही.

सरजाबाईंनी डब्यातून पहिला टाक उचलला. भाजलेल्या उजव्या हातानं, पट्टीतून बाहेर आलेल्या बोटांच्या चिमटीत. पदराच्या वर तो धरला आणि तिथंच थांबल्या.

"पदरात न्हाई," त्या म्हणाल्या. "हातात घ्या."

केवळाबाईंनी वर बघितलं. दयानंदराव काहीतरी बोलणार होते, चन्नबसप्पांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. शेषेरावाच्या गाठोड्याची गाठ तेवढ्यात सुटली.

केवळाबाईंनी पदर सोडला. मग दोन्ही हात पुढे करून त्यांनी सरजाबाईंचा तो पट्टी बांधलेला हात, टाकासकट, आपल्या हातांत घेतला.